जुना उबंटू सर्वर डू-रिलीज-अपग्रेडने वर नेला, त्याचा रिव्ह्यू

उबंटू लिनक्सच्या १८.०४ आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपला, २०.०४ चा मे २०२५ मध्ये, तरी "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" म्हणून कितीतरी ऑफिसात हे सर्वर तसेच चालू आहेत. आमचा बिलिंगचा १८.०४ वाला सर्वर शेवटी २२.०४ वर नेला, उबंटूसोबतच येणाऱ्या डू-रिलीज-अपग्रेड या आवृत्ती वर नेणाऱ्या कमांडने, आणि टूल खरंच चांगलं आहे, फक्त त्याच्या भरवशावर तयारी सोडू नका.

थेट २२.०४ वर उडी मारता येत नाही, मधे २०.०४ वर थांबावंच लागतं, आणि मला तरी हे बरं वाटलं कारण प्रत्येक टप्प्याला सगळं तपासून घेता येतं. पहिल्या टप्प्यात मायएसक्यूएल (डेटाबेस) ५.७ चं ८.० होतं, पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) ७.२ चं ७.४, आणि दुसऱ्यात पीएचपी एकदम ८.१, तिथे जुना कोड हमखास अडतो. आम्ही सर्वरची कॉपी वेगळ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) रिस्टोर करून आधी तिथे दोन्ही अपग्रेड करून बघितले म्हणून बिलाची प्रिंट तिथेच बंद पडली, लाइव्हवर नाही. ही रंगीत तालीम केल्याशिवाय लाइव्ह सर्वरला हात लावूच नका प्लीज. मागे फिरायची सोय टूलमध्ये नाही, त्यामुळे स्नॅपशॉट (सर्वरची त्या क्षणाची प्रत) घ्याच आणि मायएसक्यूएलचा डंप (सगळा डेटा लिहिलेली फाईल) वेगळा काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा, कारण ८.० ने उघडलेला डेटा ५.७ परत वाचत नाही.

एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून चालवलं की हे टूल १०२२ पोर्टवर दुसरा एसएसएच उघडतं आणि काम 'स्क्रीन' नावाच्या, लॉगिन तुटलं तरी चालू राहणाऱ्या प्रोग्राममध्ये चालतं, म्हणजे मधेच नेट गेलं तरी अपग्रेड चालूच राहतं, हे मला फार आवडलं. पण फायरवॉलमध्ये १०२२ आपणच उघडायचा, आणि होस्टिंगवाल्याचा कन्सोल (एसएसएचशिवाय सर्वरवर जायचा मार्ग) चालतोय का तेही आधीच बघून ठेवायचं.

वैताग म्हणजे मधेमधे प्रश्न विचारत बसतं, त्यामुळे लावून जेवायला जाता येत नाही. एनजिनएक्सची (वेब सर्वरची) सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली असेल तर जुनी ठेवू की नवी असं विचारतं, तिथे नुसतं एंटर मारत सुटू नका, डी दाबून फरक बघा. बाहेरच्या रिपॉझिटरी (उबंटूच्या नसलेले सॉफ्टवेअरचे स्रोत) बंद करून टाकतं, त्या नंतर आपणच एकेक तपासून चालू करायच्या. आणि २२.०४ वर जुन्या पुटीमधून (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्राम) आरएसए की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची लॉगिनची फाईल, चालत नाही, म्हणून ज्यांना लॉगिन लागतं त्यांना पुटी आधीच अपडेट करायला सांगा.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. सर्वरवर हाताने कंपाइल केलेलं (सोर्स कोडवरून स्वतः बनवलेलं) बरंच काही असेल तर मात्र याच्या नादी लागू नका, सरळ नवीन २४.०४ उभा करा आणि डेटा हलवा.