हास्केलचा स्टेट मोनॅड: सहा महिने वापरल्यावर

गोदामातल्या मालाची आवक-जावक मोजणारा छोटा प्रोग्रॅम सहा महिन्यांपासून हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत चालवतोय. काम सरळ आहे: ओळ वाचायची, त्या मालाचा आकडा वर किंवा खाली करायचा, शेवटी शिल्लक छापायची. पायथॉन भाषेत एक डिक्शनरी (नाव आणि त्याचा आकडा अशा जोड्यांची यादी) घेतली की झालं. हास्केलमध्ये एकदा दिलेलं मूल्य बदलत नाही, म्हणून स्टेट मोनॅड, म्हणजे बदलत जाणारी स्थिती एका पायरीकडून पुढच्या पायरीकडे सोपवत नेण्याची सोय.

नावाचा बाऊ करू नका. आत एक फंक्शन असतं: जुनी स्थिती घेतं, उत्तर आणि नवी स्थिती अशी जोडी देतं. 'रनस्टेट' पूर्ण जोडी देतं, 'इव्हॅलस्टेट' नुसतं उत्तर, 'एक्झेकस्टेट' नुसती शेवटची स्थिती. मला बहुतेक वेळा शेवटचंच लागतं. टेस्टिंगचं सुख तर विचारू नका. 'साखर 40' असा मॅप (हास्केलमधली डिक्शनरी) द्यायचा, तीन नोंदी चालवायच्या, हाती आलेला मॅप ताडून बघायचा. डेटाबेस नको, मॉक (चाचणीपुरता खोटा भाग) नको.

खरी डोकेदुखी मेमरीची. हास्केल आळशी, बेरीज लगेच करत नाही, 'नंतर करू' म्हणून बाजूला ठेवतं. फाइल लाखो ओळींची असली की या उधारीचा ढीग साचतो. स्थिती बदलणाऱ्या 'मॉडिफाय'च्या जागी शेवटी ' हे चिन्ह असलेलं, मूल्य लगेच काढणारं 'मॉडिफाय प्राइम' वापरलं की साधा काउंटर सुधारतो. पण स्थिती मॅप असेल तर तेवढ्यानं भागत नाही, कारण ते मॅपचा फक्त वरचा सांगाडा उलगडतं, आतले आकडे तसेच लोंबकळत राहतात. 'डेटा.मॅप.स्ट्रिक्ट'मधलं 'इन्सर्टविथ' घ्या, ते आकडा लगेच काढून ठेवतं. आणखी एक गंमत: स्टेट मोनॅड जिथून येतो ते 'कंट्रोल.मोनॅड.स्टेट' मॉड्यूल मुळात लेझी (आळशी) आहे, आणि त्याचा स्ट्रिक्ट भाऊसुद्धा स्थितीचं मूल्य स्वतःहून काढत नाही. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार!

फाइल वाचायची म्हणून आयओवर (बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणाऱ्या भागावर) 'स्टेटटी', म्हणजे दुसऱ्या मोनॅडवर बसणारा स्टेट, चढवलं, तर एक्सेप्शनकडे (चालू प्रोग्रॅममध्ये उडणाऱ्या चुकीकडे) लक्ष ठेवा. मध्येच एक्सेप्शन उडालं आणि ते 'रनस्टेटटी'च्या बाहेर पकडलं, की तोवर साचलेली स्थिती गेली. दिवसभर चालणाऱ्या भागात म्हणून मी 'आयओरेफ' (आयओमधला बदलता येणारा कप्पा) ठेवलाय, एकापेक्षा जास्त थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आले तिथे 'एमव्हार' हा कुलूप लागणारा कप्पा. दिसायला कमी शुद्ध, पण काय घडलं ते हाती राहतं.

स्टेट मोनॅड पुरवणाऱ्या एमटीएल लायब्ररीच्या 2.3 आवृत्तीवर जाताना 'व्हेन', 'फोरएम' ही फंक्शनं सापडत नाहीत म्हणून कंपायलर ओरडेल. 'कंट्रोल.मोनॅड' वेगळं इम्पोर्ट करा, पाच मिनिटांचं काम. हिशेबाचा गाभा अजून स्टेटमध्येच आहे आणि तो हलवायचा विचार नाही.