एका गादीपायी: पैसे भरून घेतलेलं डच ॲप, ८ महिन्यांनंतर

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला येऊन दीड वर्ष झालं, त्यातले ८ महिने डच शिकायला हे ॲप वापरतोय. नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. वर्षाचे ७२ युरो. धडे, स्ट्रीक वगैरे सगळ्यांना माहितीच आहे, ते सोडतो.

मुद्दा गादीचा. डचमध्ये नामाच्या आधी 'द' किंवा 'हेट' लावतात, आणि गादी म्हणजे मात्रास. मी लिहिलं 'हेट मात्रास', ॲपने लाल केलं, म्हणे 'द मात्रास'च. आता मी ज्या दुकानातून गादी घेतली तिथे बोर्डावर चक्क 'हेट' लिहिलेलं, म्हणून सरकारी शब्दयादी उघडली, हिरवं पुस्तक म्हणतात ती, ऑनलाइन फुकट असते, तर त्यात दोन्ही बरोबर! सपोर्टला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, "तुमच्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद." परत पाठवला, परत धन्यवाद. असं ४ वेळा.

त्या रागात शोधता शोधता ऑन्झे टाल या संस्थेची साइट सापडली. १९३१ पासूनची संस्था आहे, नावाचा अर्थ 'आपली भाषा' (की 'आमची'? डचमध्ये हा फरकच नाही, मी आपली धरतो). लोक विचारतात हे लिहू की ते, आणि ही मंडळी कारण देऊन छोटंसं उत्तर लिहितात. पॅनकेकला आधी पानेकूक लिहायचे, १९९५ मध्ये नियम बदलून मधे एक 'एन' घुसवला, उच्चार बहुतेकांचा होता तोच, असलं काहीबाही वाचत मी रात्री एक वाजेपर्यंत बसलो. एक पैसा न देता.

आणि तिथेच ट्यूब पेटली. मेइशे म्हणजे मुलगी, तरी हेट का? ॲप ८ महिने नुसतं लाल करत होतं. कारण एवढंच की शेवटी लाडाचा '-ये' लागला की शब्द हेटच होतो, मग मुलगी असो नाहीतर टेबल. हेट म्हणजे आपलं नपुंसकलिंगच. अरे, मग आपलं काय वेगळं आहे? ते पोरगं, ते लेकरू, ते पिल्लू. आईने आयुष्यभर मला 'ते कार्टं' म्हटलंय. हे एका ओळीत सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

अपडेट: राग जरा उतरलाय, म्हणून न्यायाने सांगतो, वाक्यरचना ॲपनेच पक्की करून घेतली. 'ओमडाट' म्हणजे 'कारण' आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, ऑफिसातला स्पॅनिश मित्र अजून त्यात अडखळतो, मला मराठीमुळे ते आपोआप जमतं. सरावासाठी ॲप ठीक, समजून घ्यायला नाही. २ स्टारचे ३ केले.

अपडेट २: परत २ केले. न विचारता पुढच्या वर्षाचे ७२ युरो कापले. ऑटो-रिन्यू बंद करायचं बटण प्रोफाइलमध्ये नाही, 'पेमेंट'मध्ये सगळ्यात खाली आहे, आजच बंद करा. पैसे परत मागितलेत, "धन्यवाद" आलंय.

खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, मात्रास द की हेट? त्या म्हणाल्या हेट. आजोबा आतून ओरडले, द! मी वर येईपर्यंत दोघांचं चालूच होतं.