एमडीएडीएमचा आरसा: डिस्क बदलल्यानंतरचे काही महिने

सांगलीतल्या अडत दुकानांचे हिशेब ज्या सर्व्हरवर चालतात, तो नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. आम्ही बसतो सांगलीत. सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क, वर डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि दोन्ही डिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड १ या जोडणीत बांधलेल्या. म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं ते दुसरीवरही. हा आरसा सांभाळणारं साधन एमडीएडीएम. नील ब्राऊन यांनी लिहिलेलं हे साधन लिनक्सच्या जगात वीसहून अधिक वर्षं वापरात आहे. सगळं ठीक असताना त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नसतं. ऐन हळदीच्या सौद्यांत एक डिस्क गेली, ती बदलली, आणि त्यानंतर काही महिने हाच सर्व्हर वापरल्यावर आता खात्रीने लिहिता येतंय.

आधी त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. डिस्क गेली हे एकाही दुकानदाराला कळलं नाही. एमडीएडीएमच्या मॉनिटरची मेल आली. 'एमडीस्टॅट' ही आरशाची स्थिती दाखवणारी फाइल उघडून पाहिली, तर एका ॲरेसमोर, म्हणजे आरशात बांधलेल्या जोडीसमोर, दोन 'यू'च्या जागी एक 'यू' आणि एक आडवी रेघ होती. हिशेबपट्ट्या निघत होत्या, पावत्या छापल्या जात होत्या. ज्या कामासाठी हे बसवलं, ते काम त्याने चोख केलं.

सर्व्हर दूर असेल तर खरं जोखमीचं काम यापुढे सुरू होतं. कमांड चार-पाचच आहेत आणि त्या कुठेही सापडतात. मेलेली डिस्क नेमकी कोणती, हे तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या तंत्रज्ञाला बिनचूक सांगणं अवघड. तिथे जिवंत डिस्क ओढली गेली, तर सर्व्हर जागेवर बसतो.

लिनक्स डिस्कना देतो ती 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं या कामाला उपयोगाची नाहीत. रीबूटनंतर ती बदलू शकतात. डावी-उजवी तर मुळीच सांगू नये, कारण समोरून डावी ती मागून उजवी. भरवशाचा एकच आधार: डिस्कवर छापलेला सीरियल नंबर, जो डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल' या साधनालाही दिसतो. डेटा सेंटरला पाठवलेल्या टिकिटात (तक्रार-विनंतीत) मी दोन्ही नंबर लिहिले. हा नंबर काढायचा, या नंबरला हात लावायचा नाही, आणि काढण्याआधी लेबलचा फोटो पाठवा. डिस्क पार मेली की तिचा नंबर मशीनला वाचता येत नाही, म्हणून दोन्ही नंबर सर्व्हर बसवतानाच वहीत लिहून ठेवलेले बरे. आणखी एक गोष्ट कामी आली: जिवंत डिस्कवरून सतत वाचन चालू ठेवलं की तिच्या खणाचा दिवा लुकलुकत राहतो. फोनवर 'लुकलुकतेय ती सोडून दुसरी' म्हटलं की समोरच्यालाही धीर येतो.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आमच्याकडे बूट, स्वॅप (मेमरीला जोड म्हणून वापरायची जागा) आणि मुख्य डेटा अशा तीन ॲरे आहेत आणि तिन्हींचे तुकडे त्याच दोन डिस्कवर. डिस्क बिघडली तेव्हा डेटाची ॲरेच डिग्रेडेड, म्हणजे एकाच डिस्कवर चालणारी, दिसत होती. बाकी दोन ॲरे 'सगळं छान' सांगत होत्या, कारण खराब सेक्टर त्यांच्या वाट्याला आले नव्हते. डिस्क काढायची तर तिन्ही ॲरेंमधून तिला आधी 'फेल' आणि मग 'रिमूव्ह' करावं लागतं. आणि हे सगळं करण्याआधी ताजा बॅकअप. रिबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर प्रत पुन्हा उतरवताना, उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते, म्हणून तिची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यातल्या ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या तीन नोंदी पाहाव्यात, म्हणजे बदललेले, प्रलंबित आणि न वाचता येणारे सेक्टर. आमच्या तिन्ही शून्य होत्या.

नवी डिस्क आल्यावर पार्टिशनचा आराखडा जुन्या डिस्कवरून उचलायचा असतो. इथे 'एसजीडिस्क' या पार्टिशनच्या साधनाबद्दल माझी खरी तक्रार आहे. त्याच्या नक्कल करण्याच्या पर्यायात जिच्यावर लिहायचं ती डिस्क आधी येते आणि जिच्यावरून घ्यायचं ती शेवटी. क्रम उलटला तर कोऱ्या डिस्कचा कोरा आराखडा चांगल्या डिस्कवर बसतो. इतक्या नाजूक जागी इतकी फसवी रचना असायला नको होती. एंटर दाबण्याआधी दोन्ही सीरियल नंबर पुन्हा ताडून पाहावेत, आणि नक्कल झाल्यावर नव्या डिस्कचे ओळख क्रमांक बदलून घ्यावेत.

मग 'ॲड', आणि रिबिल्ड सुरू. दीडशे एमबी प्रति सेकंदाने ४ टीबी म्हणजे साधारण साडेसात तास. फिरत्या डिस्कचा वेग आतल्या ट्रॅककडे जाताना उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच धरावेत. लोक काम करत असले की कर्नल (लिनक्सचा गाभा) रिबिल्डला मागे सारतो. वेगाची किमान मर्यादा मुळात सेकंदाला फक्त १००० केबी आहे. दिवसा ती तशीच ठेवली आणि रात्री वाढवली. दुकानांचं काम कुठेही अडलं नाही. रिकामी जागासुद्धा तो कॉपी करत बसतो, हे मात्र खटकतं. झेडएफएस ही आरसा स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टिम फक्त वापरलेली जागा भरते.

रिबिल्ड संपला म्हणजे काम संपलं असं नाही. सर्व्हर सुरू करून देणारा ग्रब आणि त्यासाठीचं ईएफआयचं पार्टिशन आमच्याकडे आरशाच्या बाहेर आहे, ते नव्या डिस्कवर वेगळं बसवावं लागलं. हे राहून गेलं तर पुढे कधी जुनी डिस्क जाईल तेव्हा डेटा शाबूत असेल आणि सर्व्हर उठणार नाही. म्हणून रात्री उशिरा, रिमोट कन्सोल (दुरून सर्व्हरचा पडदा दाखवणारी सोय) उघडा ठेवून, नव्या डिस्कवरून एकदा बूट करून पाहिलं.

त्यानंतरच्या महिन्यांत एकही तक्रार नाही. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही डिस्क पूर्ण वाचून तपासतो. ही तपासणी कुणी 'सर्व्हर हळू होतो' म्हणून बंद करत असेल तर करू नका, कोपऱ्यातला खराब सेक्टर रिबिल्डच्या आधी कळण्याचा तो चांगला मार्ग आहे. मॉनिटरची चाचणी मेलही मी अधूनमधून पाठवून पाहतो. खराब सेक्टर वाचायला डिस्कने किती वेळ झगडावं ही मुदत सात सेकंदांवर बांधून ठेवली आहे, कारण कर्नल तीस सेकंद वाट पाहतो आणि साध्या डिस्क त्याहून जास्त वेळ झगडत राहतात. वीज गेली की ही सेटिंग पुसली जाते, म्हणून ती सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातली.

उणीव एकच, पण मोठी. दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे एमडीला (कर्नलमधल्या आरसा चालवणाऱ्या भागाला) कळत नाही. 'रिपेअर' सांगितलं तर तो एक प्रत घेऊन दुसरीवर उतरवतो. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टिम चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवतात, त्यामुळे त्या खरी प्रत ओळखतात. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे फोटो किंवा स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत, त्यांनी तिकडे जावं. आमच्या डेटाबेसचा रोजचा बॅकअप सांगलीत उतरतो, आणि इथला आरसा कुठल्याही लिनक्स मशीनवर उघडतो, हार्डवेअर रेडसारखं त्याच कंपनीचं रेड कार्ड शोधत फिरावं लागत नाही. म्हणून मी एमडीएडीएम सोडणार नाही.

उरलेली डिस्क मेलेल्या डिस्कच्याच खेपेतली आहे, तेवढेच तास फिरलेली. ती मरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. एमडीएडीएममध्ये 'रिप्लेस' आहे, जुनी डिस्क चालू ठेवूनच नवीवर प्रत उतरवता येते, म्हणजे आरसा एका क्षणासाठीही एका पायावर येत नाही. त्यासाठी तिसरा खण लागतो. डेटा सेंटरकडे त्याची मागणी टाकली आहे, सौदे पुन्हा सुरू होण्याआधी ते काम उरकायचं आहे.