पिंपात चालणारं इंजिन बघून बोट घेऊ नका

गेल्या मार्चमध्ये मी जुनी फायबरची बोट घेतली. लांबी १८ फूट, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. २ लाख ८० हजार मोजले. घरच्यांना आंजर्ल्याच्या खाडीत फिरवावं, सुट्टीत मासे गरवायला जावं, एवढीच हौस होती.

विकणाऱ्याने इंजिन पाण्याच्या पिंपात चालवून दाखवलं. पहिल्याच झटक्यात सुरू झालं, पाण्याची धारही जोरात पडत होती. "चाळीस तासपण चाललं नाहीये, साहेब," म्हणाला. रंग नवाकोरा. मी इंजिनाला हात लावला तेव्हा ते कोमट लागलं. आम्ही पोचायच्या आधीच त्याने ते तापवून ठेवलं होतं. झिजलेलं इंजिन गार असताना कुरकुरतं, तापलं की निमूट सुरू होतं. आणि पिंपात पंख्यावर बोटीचा भार कुठे असतो?

तिसऱ्याच फेरीला, खाडीच्या तोंडाशी, इंजिन तापल्याचा बझर वाजला आणि ते बंद पडलं. ओहोटी लागली होती. बोट सरळ फुटणाऱ्या लाटांकडे ओढली जात होती आणि आत माझा नऊ वर्षांचा मुलगा होता. मच्छीमारांच्या एका होडीने दोर टाकला म्हणून आम्ही परत आलो. पैशांचं दुःख मी गिळलं असतं, पण हे नाही.

मेस्त्रींनी खालच्या गिअरचा स्क्रू काढला आणि ऑइलऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी ओघळलं. म्हणजे सील गेलेलं, आत पाणी. इंजिनाचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर मागे मिठाचा पांढरा दगड झालेला. दर फेरीनंतर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर इंजिन चालवायचं असतं, ते या इंजिनाच्या नशिबी कधी आलंच नसावं. धार पडते म्हणजे पंप चालतो, एवढंच. इंजिनाच्या हेडमधल्या गार पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत असं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, एकाला ११० पीएसआय, दुसऱ्याला ७०. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला तरी मेस्त्री इंजिन घेऊ नका म्हणतात.

मग त्यांनी इंजिन बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटवरची नंबरप्लेट पुसली आणि ब्लॉकवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावरच्या, गोल बुचावरचा नंबर दाखवला. दोन्ही वेगळे. कागद एका इंजिनाचे, ब्लॉक दुसऱ्याचा. बऱ्याच ओबीएमना नंबर असा दोन ठिकाणी असतो, हे मला माहीतच नव्हतं. बोट घेताना दोन्ही नंबर नोंदणीच्या कागदाशी ताडून बघा, फोटो काढून ठेवा.

इंजिन बसतं त्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं तर टणक आवाज यायच्या जागी भद्द आवाज आला. फायबरच्या आतलं प्लायवूड कुजलं होतं.

म्हणून हात जोडून सांगतो, बघायला जाल तेव्हा इंजिन गार असेल तरच पुढे बोला, तापलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. बोट पाण्यात उतरवून वीस मिनिटं पुऱ्या वेगात पळवा. सोबत स्वतःचा मेस्त्री न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याची मजुरी जड वाटेल, तरी द्या.

विकणाऱ्याला फोन केला. "जशी आहे तशी घेतलीत, कागदावर तुमचीच सही आहे," म्हणाला. ती ओळ मी वाचली होती, साधी रीत समजून सही केली होती. पोलिसांत अर्ज दिलाय. सुट्या भागांसाठी गिऱ्हाईक आलं होतं, पण इंजिन मी दिलं नाही. तो ब्लॉक पुन्हा कुणाच्या तरी बोटीवर चढला असता.