म्यूझस्कोर स्टुडिओ ४ : क्लेफ बदलताना नेमकं कुठे अडतं

सदरमधल्या चर्चच्या कॉयरपासून लग्नसराईतल्या बँडपर्यंत, नागपुरात ज्याला स्टाफ नोटेशन (पाच रेषांच्या स्टाफवर लिहिलेलं संगीत) स्वच्छ छापून हवं, त्याचं काम म्यूझस्कोर या नोटेशन लिहिण्याच्या प्रोग्रॅमवर नीट भागतं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. २०२४ मध्ये फिनाले हा याच कामाचा विकतचा प्रोग्रॅम बंद झाल्यावर तर त्याची गरज आणखी वाढली. क्लेफच्या, म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे ठरवणाऱ्या चिन्हाच्या बाबतीत मात्र ते शिस्त मागतं.

पहिली गोष्ट म्हणजे क्लेफ बदलला तरी स्वर बदलत नाही. नोटा रेषांवर वर-खाली सरकतात, वाजतं ते तेच. हे योग्यच आहे. पण बेस क्लेफचा (खालच्या स्वरांचा) भाग चुकून ट्रेबल क्लेफचा (वरच्या स्वरांचा) समजून भरला असेल, तर क्लेफ बदलून तो दुरुस्त होत नाही. आधी पूर्ण भाग निवडून कंट्रोल आणि खालचा बाण एकदा, मग ऑल्ट-शिफ्ट आणि खालचा बाण पाच वेळा दाबायचा. पहिल्याने सात आणि नंतर पाच, अशा नोटा एकूण बारा पायऱ्या खाली आल्या. आता बेस क्लेफ लावला की नोटा मूळ रेषांवर येतात. शार्प-फ्लॅट मात्र एकेक करून तपासा, तिथे हमखास काहीतरी राहतं.

क्लेफ भलत्याच जागी बसतो तो निवडीमुळे. बार (दोन उभ्या रेषांमधला तुकडा) निवडून पॅलेटमधला (चिन्हांच्या पेटीतला) क्लेफ दाबला तर तो आधीच्या बारच्या शेवटी, बारलाईनच्या अलीकडे येतो. नोट निवडली तर त्या नोटेच्या आधी, बारच्या मधोमध येतो. लांब नोटेच्या पोटात क्लेफ हवा असेल तर त्याच स्टाफवरच्या दुसऱ्या व्हॉइसमध्ये (स्वतंत्र स्वरओळीत) रेस्ट (विराम) भरून त्यातला योग्य रेस्ट निवडायचा आणि काम झाल्यावर व्ही दाबून ते रेस्ट लपवायचे. एकाच स्टाफवर दोन व्हॉइसना दोन वेगळे क्लेफ देता येत नाहीत. पियानोत डावा हात थोडाच वेळ वर जात असेल तर क्लेफ बदलूच नका. कंट्रोल-शिफ्ट आणि वरचा बाण दाबून त्या नोटा वरच्या स्टाफवर टाका, वाजवणाऱ्याला वाचायला ते फार सोपं.

ओळीच्या शेवटी दिसणारा सूचनेचा क्लेफ नको असेल तर पुढच्या ओळीतला क्लेफ निवडून प्रॉपर्टीजमधली कर्टसी क्लेफची खूण काढा.

बँडवाल्यांनी खरं जपायचं ते युफोनियम या पितळी फुंकवाद्याला. बेस क्लेफमधला युफोनियम वाजतो तसाच लिहिला जातो. ट्रेबलमधला बी-फ्लॅटचा असतो आणि लिहिल्यापेक्षा मेजर नाइन्थ (एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर) खाली वाजतो. बेस क्लेफमध्ये दुसऱ्या रेषेवरचा बी-फ्लॅट ट्रेबलवाल्याला स्टाफखालच्या पहिल्या लेजर लाईनवरचा (जादा छोट्या रेषेवरचा) सी म्हणून दिसायला हवा. नुसता क्लेफ बदलला तर तोच बी-फ्लॅट स्टाफखाली पाचव्या लेजर लाईनवर जाऊन पडतो आणि वादक कागद परत करतो. इथे क्लेफला हात लावायचाच नाही. वाद्यांच्या यादीच्या पॅनेलमध्ये त्या वाद्यापुढच्या चाकाच्या खुणेवर जाऊन रिप्लेस इन्स्ट्रुमेंट वापरायचं आणि ट्रेबल क्लेफचा युफोनियम निवडायचा.

प्रोग्रॅमवर माझा एकच ठाम आक्षेप आहे. ट्रान्सपोझ होणाऱ्या (लिहिलेला आणि वाजणारा स्वर वेगळा असणाऱ्या) वाद्यांसाठी तो कॉन्सर्ट पिचचा (प्रत्यक्ष वाजणाऱ्या स्वराचा) क्लेफ वेगळा आणि लिखित पिचचा वेगळा साठवतो, पण क्लेफ बदलताना तसं सांगत नाही. खालच्या पट्टीतलं कॉन्सर्ट पिचचं बटण चालू ठेवून क्लेफ बदलला आणि पार्ट (एकेका वाद्याचा वेगळा कागद) काढताना ते बंद केलं, की जुना क्लेफ जसाच्या तसा. बॅरिटोन सॅक्सोफोनला हे हटकून होतं. म्हणून वादकाच्या पार्टसाठी क्लेफ बदलण्याआधी ते बटण बंद करा. सीताबर्डीत प्रिंटला देण्याआधी पीडीएफ उघडून प्रत्येक पार्टची पहिली ओळ बघितल्याशिवाय पेन ड्राइव्ह पुढे करू नका.

एवढं सांभाळणाऱ्याला दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही.