आडनाव सुलिव्हन, गाव ठाऊक नाही: आयरिश पूर्वज शोधून देणाऱ्या संकेतस्थळांचं परीक्षण

1890 सालच्या जन्मनोंदींवरून आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांनी देशातल्या आडनावांचा अंदाज बांधला होता. मर्फी 62,600, केली 55,900, सुलिव्हन 43,600, वॉल्श 41,700. तेही 1840 च्या दशकातला मोठा दुष्काळ होऊन गेल्यावर, लाखो माणसं बोटींत बसून निघून गेल्यावर मागे उरलेले. त्यांत नावं म्हणाल तर जॉन, पॅट्रिक, मायकल, मेरी, ब्रिजेट हीच आलटूनपालटून. त्यामुळे कुठल्याही संकेतस्थळाच्या चौकटीत नुसतं ‘मायकल सुलिव्हन’ टाकलं की शेकड्यांनी मायकल समोर येतात आणि त्यातला एकही ‘मी तुमचा’ म्हणत नाही.

म्हणून इथे कसोटी एकच लावली आहे: एकाच आडनावाची, एकाच नावाची दोन माणसं वेगळी करायला ही सेवा किती उपयोगी पडते? नोंदी किती कोटी आहेत हा जाहिरातीचा आकडा झाला.

आधी एक पथ्य. आयर्लंडच्या संकेतस्थळांवर जायच्या आधी, माणूस जिथे जाऊन राहिला तिथले कागद संपवायचे. अमेरिकेची जनगणना जन्मस्थळ म्हणून बहुधा ‘आयर्लंड’ एवढंच सांगते. 1906 च्या सप्टेंबरआधीचे नागरिकत्वाचे कागदही बहुतेक तितकेच मुके. गावाचं नाव सापडतं ते वेगळ्याच ठिकाणी: कॅथलिक चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत, थडग्याच्या दगडावर, मृत्यूच्या बातमीत, किंवा मागून आलेल्या धाकट्या भावाच्या कागदात. हा धाकटा भाऊ फार महत्त्वाचा. मूळ पूर्वजाच्या कागदात नसलेलं गाव त्याच्या नाहीतर बहिणीच्या कागदात असतं, आणि लोक नेमके सरळ वंशावळीबाहेर बघतच नाहीत.

याच टप्प्यावर दोन साधनं फार मोलाची आहेत. बोस्टनच्या ‘पायलट’ वर्तमानपत्रात 1831 ते 1921 या काळात हरवलेल्या नातेवाइकांचा तपास करणाऱ्या जाहिराती येत. त्यांत परगणा, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग), कधी निघण्याचं वर्षही असे. बोस्टन कॉलेजने त्या शोधता येतील अशा करून मोफत ठेवल्या आहेत. दुसरं, 1850 साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्या. खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँक जन्मगाव, आईवडील, भावंडं, बोटीचं नाव असं बरंच काही लिहून घेई. आज वंशावळ काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

गाव हाती आलं, निदान परगणा तरी आला, की मग आयरिश सरकारचं मोफत संकेतस्थळ ‘आयरिश जीनिऑलॉजी डॉट आयई’. या सगळ्यांत पहिला क्रमांक याचाच. जन्म 100 वर्षांपूर्वीचे, विवाह 75 वर्षांपूर्वीचे आणि मृत्यू 50 वर्षांपूर्वीचे, अशा नागरी नोंदींच्या मूळ पानांच्या प्रतिमा इथे मिळतात, एक पैसा न देता. सगळ्यांची सक्तीची नोंदणी 1864 मध्ये सुरू झाली. कॅथलिक नसलेल्यांचे विवाह मात्र 1845 पासून आहेत. शिवाय केरी परगणा, डब्लिन शहर आणि कॉर्कचा काही भाग अशा मोजक्या ठिकाणच्या चर्चच्या वह्याही आहेत.

शोध घेताना नाव-आडनाव टाकून थांबू नका. जादा पर्याय उघडा, नोंदणी-जिल्हा निवडा (उदाहरणार्थ किलार्नी), वर्षांची मर्यादा घाला आणि जन्म, विवाह, मृत्यू यांतलं एकच काही ठेवा. प्रतिमा उघडण्याआधी स्वतःचं नाव लिहून अर्जाच्या चौकटीत खूण करावी लागते. हा सोपस्कार कटकटीचा वाटतो, पण कायद्याने तो अर्ज असतो.

आता पान. जन्माच्या ओळीत जन्माची तारीख आणि ठिकाण, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, आणि नोंद द्यायला कोण आलं होतं हे सगळं असतं. जुन्या वर्षांच्या सूचीत आईचं माहेर दिसत नाही, प्रतिमेत दिसतं. म्हणून सूची बघून ‘हाच तो’ ठरवणं ही सर्वांत मोठी चूक. एका जिल्ह्यात त्याच दोन वर्षांत जन्मलेले सहा मायकल सुलिव्हन असतील तर सहाही पानं उघडायची. कागदावर तीन रकाने आखा: राहण्याचं टाउनलँड (साधारण एका शिवाराएवढा तुकडा), आईचं माहेर, माहिती देणारी व्यक्ती. एक शे, दुसरी लिन्च, तिसरी डोनोह्यू, टाउनलँडही निरनिराळी. सहा मायकलांची सहा घरं झाली.

इथे घसरायला लावणारी एक गंमत आहे. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची आढळली तर दचकू नका. नोंद उशिरा केली की दंड होता, म्हणून आईबाप रजिस्ट्रारपुढे जन्मतारीख सोयीने पुढे ढकलत. तारीख चर्चची खरी मानावी.

विवाहनोंदीत दोन्ही बापांची नावं आणि धंदे मिळतात, आयांची नावं मिळत नाहीत. वयाच्या जागी ‘फुल एज’ एवढंच असलं तर अर्थ 21 पूर्ण, बाकी काही नाही. मृत्यूनोंदीत आईबाप नसतातच. ओळख पटते ती माहिती देणाऱ्यावरून आणि त्याच्या पत्त्यावरून.

संकेतस्थळाचे दोष? एक मोठा: ‘ओ’ आणि ‘मॅक’. सुलिव्हन आणि ओ’सुलिव्हन ही एकाच घरातली, कधी एकाच माणसाची दोन रूपं. एकोणिसाव्या शतकात ‘ओ’ गळून पडला होता, पुढे अनेकांनी तो परत लावला. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधून बघा. रायली, रेली, ओ’रायली तसेच. कॅव्हन परगण्यात तर मॅकगोवनचा स्मिथ झालेला असतो, कारण आयरिश भाषेत ‘गोवा’ म्हणजे लोहार. हे भाषांतर कुठलंही यंत्र ओळखत नाही, ते शोधणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं.

दुसरं साधन ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, ‘आस्क अबाउट आयर्लंड’ या संकेतस्थळावर, तेही मोफत. 1847 ते 1864 या काळात रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली करआकारणीसाठी केलेली ही पाहणी. जुन्या जनगणना गेल्या त्या जागी आता हीच. (1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतेक भाग 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात जळाला. 1861 आणि 1871 च्या सरकारी हुकमाने नष्ट केल्या, 1881 आणि 1891 च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेल्या. हे वाचून वंशावळवाले अजूनही हळहळतात.) देशात टाउनलँड साठ हजारांवर आहेत, आणि एकच नाव अनेक ठिकाणी असतं. म्हणून टाउनलँडच्या जोडीला सिव्हिल पॅरिश (चर्चचा नव्हे, सरकारी विभाग), बॅरनी (अनेक पॅरिशांचा जुना विभाग) आणि परगणा लिहून ठेवला नाही तर चुकीच्या बॅलीबेगमध्ये पोचाल. नावाचा आजचा पत्ता आणि आयरिश रूप ‘लोगेनम’ या सरकारी, मोफत कोशात तपासा. अमेरिकेतल्या कागदात गाव कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा उच्चार मोठ्याने करून बघणं हा हास्यास्पद वाटला तरी चालणारा उपाय आहे.

ग्रिफिथच्या पानावर एका आडनावाची माणसं वेगळी करण्याची खूणही तिथल्या तिथे दिलेली असते. एकाच टाउनलँडमध्ये तीन जॉन सुलिव्हन असले की नावापुढे कंसात बापाचं नाव, ‘रेड’ किंवा ‘ज्युनियर’ अशी पुस्ती येते. टिपररीतल्या रायनांचं तर विचारूच नका: रायन बॉन, म्हणजे गोरा रायन, अशी उपनावं चर्चच्या वह्यांतही शिरली आहेत. ती शाखेची खूण आहे, चुकीचं वाचन समजून गाळू नका.

डावीकडचा क्रमांक जमिनीचा. शेजारचं छोटं अक्षर घर दाखवतं, मोठं अक्षर एकाच धारणेचे तुकडे. दोन-तीन नावं एकाच क्रमांकात कंसाने बांधलेली असतील तर जमीन सामाईक, आणि आडनाव तेच असेल तर भाऊ किंवा चुलते असण्याची शक्यता बरीच. एक सावधगिरी: संकेतस्थळावरचे नकाशे अनेकदा छापील यादीनंतरचे असतात, त्यामुळे यादीतला क्रमांक नकाशावर जुळला नाही तर गोंधळून जाऊ नये. आणि ग्रिफिथ जमीन धरणाराच सांगतो. बायको, मुलं, घरात राहणारा म्हातारा भाऊ, कुणी नाही.

1864 च्या मागे जायचं तर कॅथलिक चर्चच्या वह्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये त्या मोफत खुल्या केल्या, साधारण 1880 पर्यंतच्या. मात्र तिथे नावाने शोधता येत नाही. पॅरिश उघडा, साल उघडा आणि पान पान वाचा. मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या प्रतिमा कुठे पुसट, कुठे शाई फुटलेली. फाइंडमायपास्ट या एरवी पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या संकेतस्थळावर या वह्यांची सूची मोफत आहे. तिथे नाव शोधायचं, मग मूळ पान ग्रंथालयात पडताळायचं. हे दोन टप्पे टाळणारा हमखास फसतो, कारण सूची करणाऱ्यांनी आडनावं आपापल्या डोळ्यांनी वाचलेली आहेत.

वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, युजिनियस बहुतेकदा ओवेन, थॅडियस म्हणजे टीग नाहीतर टिमथी, होनोरा तीच नोरा किंवा हॅना. बाप्तिस्म्याच्या ओळीत खरा ऐवज शेवटी असतो: गॉडफादर आणि गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाचे पालक म्हणून उभे राहणारे. ते बहुधा मामा, मावशी, काका, आत्या. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे गॉडपेरेंट एका कागदावर उतरवले की दोन घराण्यांचं जाळं उभं राहतं. पहिला मुलगा आजोबांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, हा रिवाज तपासायला उपयोगी; पुरावा म्हणून वापरायला नाही.

पैसे घेणारं रूट्सआयर्लंड कधी घ्यावं? ज्या परगण्याच्या नोंदी मोफत सूचीत नीट सापडत नाहीत तिथे. नोंदी परगण्यांतल्या वंशावळ केंद्रांनी उतरवलेल्या, आणि बाप-आई दोघांची नावं देऊन त्यांची सगळी मुलं काढता येतात. समान आडनावांच्या गुंत्यात ही एकच सोय वर्गणीचे पैसे वसूल करते. उणीव अशी की बहुतेकदा मूळ पानाची प्रतिमा दिसत नाही. वर्षाची वर्गणी न घेता कामं साठवून थोड्या मुदतीची घ्यावी आणि एका बैठकीत उरकावं.

1901 आणि 1911 च्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मोफत. पूर्वज आधीच निघून गेला असला तरी मागे राहिलेला भाऊ तिथे सापडतो. 1911 च्या अर्जात विवाहित बाईने लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती हयात हे लिहिलेलं असतं. वयावर विसंबू नका. 1909 पासून सत्तरीच्या वृद्धांना पेन्शन मिळू लागली आणि कित्येक लोक दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झाले. याच पेन्शनमुळे एक ठेवाही वाचला: वयाचा पुरावा म्हणून 1841 आणि 1851 च्या जनगणनेतून काढलेल्या शोध-अर्जांचे कागद. मूळ वह्या जळाल्या, हे उतारे उरले. तेही अभिलेखागारात मोफत आहेत, आणि फार थोडे लोक ते उघडतात.

उत्तरेकडच्या सहा परगण्यांचं, म्हणजे आजच्या उत्तर आयर्लंडचं, मांडणं वेगळं. 1922 आधीच्या तिथल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आयरिश सरकारी संकेतस्थळावर आहेत, त्यानंतरच्यांसाठी बेलफास्टच्या रजिस्टर कार्यालयात क्रेडिट विकत घ्यावी लागतात. पण जमिनीचे फेरफार दाखवणाऱ्या व्हॅल्युएशन रिव्हिजन वह्या प्रोनी, म्हणजे उत्तर आयर्लंडचं सरकारी अभिलेखागार, मोफत देतं. त्यांत जुनं नाव खोडून वर नवं लिहिलेलं, बाजूला वर्ष. बाप केव्हा गेला किंवा मुलगा केव्हा परदेशी निघाला हे त्या खाडाखोडीवरून कळतं.

डीएनएबद्दल थोडक्यात. मर्फी किंवा केली हे आडनाव एका मूळपुरुषाचं नाही, वेगवेगळ्या भागांत स्वतंत्रपणे जन्मलेलं आहे. त्यामुळे आडनाव सारखं म्हणजे नातं, असं गृहीत धरू नका. वाय-डीएनए चाचणीचा आडनाव-प्रकल्प हा प्रश्न सोडवू शकतो, पण त्यासाठी सलग पुरुषवंशातला जिवंत पुरुष लागतो. मुलीच्या बाजूने आलेल्यांनी ऑटोसोमल (आई-बाप दोन्ही बाजूंचा डीएनए बघणारी) चाचणी घ्यावी आणि जुळणाऱ्यांना आडनावाआधी टाउनलँड विचारावं.

संशोधक पैसे देऊन नेमणार असाल तर त्याला काम देताना आडनावाबरोबर पॅरिश, अंदाजे वर्ष, भावंडांची नावं आणि आतापर्यंत उघडलेल्या वह्यांची यादी द्या. अहवालात सापडलेल्या नोंदींइतक्याच न सापडलेल्याही मागा: कुठली वही, कुठून कुठपर्यंतची वर्षं, कुठली पानं फाटलेली. नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या संशोधकाला तीच वही तपासायला पुन्हा पैसे द्याल.