मराठी कॉमिकचे फुगे: चित्र कुठेही काढा, अक्षरं कुठे लावाल?

पानं रंगवून झाली की बहुतेक जण त्याच सॉफ्टवेअरमधलं टेक्स्ट टूल उघडतात आणि संवाद टाकायला लागतात. इंग्रजी कॉमिकचं त्यात भागतं. मराठीचं भागेलच असं नाही. त्यामुळे संवादाचा फुगा कोण देखणा काढतं हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की त्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं नीट जुळवता येतात का, आणि उद्या संवाद बदलला तर तो परत टाइप करता येतो का.

परीक्षा सोपी आहे. ‘सुऱ्याने ॲपवर कृष्णाची चिठ्ठी वाचली, मूर्ख!’ एवढं वाक्य टाका. पहिली वेलांटी ‘च’च्या आधी हवी, ‘ठ्ठ’मध्ये पाय मोडलेला दिसायला नको, ‘ऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र शाबूत हवा आणि रफार ‘ख’च्या डोक्यावर हवा. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर दोष फॉन्टचा. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2008 साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते सापडेलच असं नाही.

फोटोशॉप या परीक्षेत पास होतं, पण बऱ्याच आवृत्त्यांत सेटिंग बदलल्यावर. जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडावं लागतं, नंतरच्या काही आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’. ते न केल्यामुळे वेलांट्या विस्कटलेली मराठी पोस्टरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. इलस्ट्रेटरमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा. छपाईच्या कामाला इलस्ट्रेटर उत्तम, अक्षरं व्हेक्टर राहतात (कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत) आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, रंगही मिळतात. अडचण दरमहा भराव्या लागणाऱ्या पैशांची. फक्त फुग्यांसाठी ते भरावेत असं मला वाटत नाही.

क्लिप स्टुडिओ पेंट फुग्यांच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे, यात वाद नाही. लंबगोल ओढला की फुगा तयार, शेपटीला वेगळं टूल, आणि एकाच लेअरवर दोन फुगे एकमेकांवर सरकवले की मधली रेघ आपोआप जाते. ईएक्स आवृत्तीत अनेक पानांचे संवाद एकाच खिडकीत बदलता येतात, शंभर पानांची गोष्ट करणाऱ्याला हे फार मोलाचं. पण ते घडलं मांगासाठी, म्हणजे जपानी कॉमिकसाठी: उभा मजकूर, कांजीच्या बाजूला बारीक उच्चार, असली सोय त्यात भरपूर. देवनागरीचं गृहीत धरू नका. पैसे भरण्याआधी मोफत ट्रायलमध्ये वरचं वाक्य टाकून बघा, आणि ते विस्कटलं तर फुगे तिथे काढून अक्षरं दुसरीकडे लावा.

क्रिटा फुकट आहे, चित्रासाठी झकास आहे. तयार फुग्यांची व्हेक्टर लायब्ररी त्यात मिळते. 2023 च्या 5.2 आवृत्तीत अक्षरजुळणीचं इंजिन नव्याने लिहिलं गेलं, तरी त्या आवृत्तीत मजकूर वेगळ्या खिडकीत लिहून सेव्ह करायचा आणि मग फुग्यात बसला का ते बघायचं. दोन-चार फुगे असतील तर ठीक, चाळीस असतील तर वैताग. आयपॅडवाल्यांचं प्रोक्रिएट यापेक्षा सुटसुटीत, पैसे एकदाच, पण फुग्याचं खास टूल नाही आणि मजकूर एकदा रास्टर झाला, म्हणजे त्याचं साधं चित्र झालं, की टायपो दुरुस्त करायला तो पुन्हा टाइप करणं आलं. इन्स्टाग्रामवर चार चौकटींची पट्टी टाकणाऱ्याने एवढ्यावर थांबावं, पुढची कसरत त्याच्यासाठी नाही.

लांब गोष्ट करणाऱ्यांना माझा कौल इंकस्केपला. हे व्हेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. रंगवलेलं पान इम्पोर्ट करताना ‘लिंक’ निवडा, मग क्रिटात चेहरा बदललात तर इथलं पानही बदलतं (फोल्डर मात्र हलवू नका, चित्र गायब होतं). लंबगोल काढा, त्रिकोणी शेपटी त्यावर ठेवा, दोन्ही निवडून युनियन, म्हणजे दोन्हींचा एकच आकार. शेपटीचं टोक तोंडाच्या दिशेने असावं, पण तोंडाला चिकटू नये. ‘पेपर अँड कॅरट’ या वेबकॉमिकचे डेव्हिड रेव्हॉय असंच करतात: चित्र क्रिटात, फुगे आणि अक्षरं इंकस्केपच्या एसव्हीजी फाइलमध्ये. त्यामुळे चित्राला हात न लावता अनुवादकांना संवाद बदलता येतात. तुमची मालवणी किंवा हिंदी आवृत्ती कधी निघालीच तर हा फायदा तेव्हा कळेल. उणीव एकच, छपाईसाठीचे सीएमवायके रंग इथे धड मिळत नाहीत. प्रेसला पीडीएफ देताना अक्षरांचे पाथ (म्हणजे फॉन्टविना दिसणारे नुसते आकार) करून द्या आणि टाइप करता येईल अशी मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

फुग्याच्या आकाराबद्दल इंग्रजी ट्यूटोरियल जसंच्या तसं उचलू नका. तिथे सगळी कॅपिटल अक्षरं, ओळी एकमेकींना खेटून. आपल्याकडे वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार-ऋकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. शिवाय ‘शेजाऱ्यांच्याकडूनसुद्धा’ हा एकच शब्द अख्खी ओळ खातो. गोल फुग्यापेक्षा आडवा, पसरट फुगा बरा, आणि ओळी हाताने तोडा: मधली लांब, वरची-खालची आखूड.

संवादासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हस्ताक्षराच्या जवळ जातो. बारीक मोबाइल स्क्रीनवर मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ जास्त स्वच्छ दिसतो. आरडाओरड्याला त्यांचाच ‘बलू’. हे तिन्ही मोफत आणि युनिकोड आहेत. श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट डीटीपीवाल्यांकडे अजून चालतात, पण त्यातला संवाद कॉपी करून वेबवर टाकला की भलतंच काहीतरी उमटतं.

‘धाडऽऽ’, ‘खळ्ळ’, ‘सर्रर्र’ असे आवाज मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरवर सोपवू नका. अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. मजकूर वळणावर चढवला की ती प्रत्येक अक्षरापाशी मोडते. जाड बॉर्डर दिली की दोन अक्षरांच्या सांध्यावर उभ्या रेघा दिसतात. इंकस्केपमध्ये अक्षरांचे पाथ करून, ग्रुप सोडून, युनियन केल्यावर बॉर्डर दिली तर हा तिसरा दोष जातो, पहिले दोन राहतातच. टॅब्लेट हाताशी असेल तर आधी एक सलग शिरोरेघ ओढा आणि तिच्याखाली अक्षरं लोंबवा. काचा फुटत असतील तर ती रेघच तडकवा.